लिलावाआधी एक फोटो

१ एप्रिल २०२३ पासून देशभर एक नियम लागू झाला आहे. केंद्र आणि राज्य सरकारे, महापालिका, जिल्हा परिषदा, सरकारी कंपन्या यांच्या मालकीच्या गाडीला पंधरा वर्षे झाली की तिची नोंदणी संपते. ती पुन्हा करून मिळत नाही आणि गाडी अधिकृत भंगार केंद्राकडे रवाना होते. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणाऱ्या खास गाड्यांना यातून सूट आहे. रुग्णवाहिकेला आणि शववाहिकेला ती नाही.

नियम रास्त आहे. धूर ओकणाऱ्या इंजिनाच्या आणि दमलेल्या ब्रेकच्या भरवशावर कोणी रुग्ण पाठवू नये. पण नागपूरने आपली आजारी माणसे आणि आपली मयते ज्या गाड्यांतून वाहिली, त्या गाड्या यापुढे एखाद्या दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली गंजत पडलेल्यासुद्धा दिसणार नाहीत. सरकारी गाड्यांना नियम गिळेल आणि ट्रस्टच्या, मंडळांच्या गाड्या कबाड्याकडे जातील. मागे उरतील ते फोटो, तेही कोणी जपले तरच.

म्हणून हे आवाहन. नागपूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या जुन्या रुग्णवाहिका, शववाहिका, स्वर्गरथ, वैकुंठरथ यांचे फोटो शोधा. कृष्णधवल असोत, रंग उडालेले असोत, अर्धे फाटलेले असोत किंवा नुसत्या निगेटिव्ह असोत. त्यांच्यामागची माहिती लिहून काढा, त्यांची नक्कल करून घ्या आणि ती सार्वजनिक संग्रहात जाईल असे पाहा. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही, कारण फोटोतली गाडी ओळखणारी माणसे याच पिढीत आहेत.

शहर कसे वाढले, ते या गाड्या सांगतात

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. मेयो रुग्णालयही त्या शतकातले. १९४७ साली मेडिकल कॉलेज उभे राहिले आणि २ मार्च १९५१ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. १९५६पर्यंत हे शहर एका मोठ्या राज्याची राजधानी होते; १९६०मध्ये महाराष्ट्रात आल्यावर ते उपराजधानी झाले. राज्य बदलले तरी रुग्णांची वाट बदलली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तर आपलेच. पण बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, बैतूल इथूनही माणसे आजवर मेयो-मेडिकललाच येतात. मेडिकलच्या फाटकासमोर काढलेल्या एखाद्या जुन्या फोटोत मध्य प्रदेशाच्या पाटीची गाडी दिसली, तर ती चुकून आलेली नसते. राज्यांच्या सीमा नकाशावर आखल्या गेल्या, आजारपणाने त्या पाळल्या नाहीत. त्याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शववाहिकेची गोष्ट आणखी निराळी. महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी इथल्या घरांतून गंगाबाई घाट किंवा मोक्षधाम हे खांदेकऱ्यांच्या टप्प्यातले अंतर. चार जण खांदा देत, वाटेत आणखी चार जण बदलत, राम नाम म्हणत तिरडी पोहोचत असे. मग शहर पसरत गेले. मानेवाडा, हुडकेश्वर, नरेंद्रनगर, त्रिमूर्तीनगर अशा वस्त्या वाढल्या; एका घरातले भाऊ चार दिशांना राहू लागले; दुपारच्या उन्हात दोन-तीन कोस खांदा देणे शक्य राहिले नाही. तेव्हा स्वर्गरथ दारात येऊ लागला. मधोमध तिरडी ठेवायची जागा, दोन्ही बाजूंना नातेवाइकांसाठी लांब बाकडी, वर देवळाच्या शिखराचा आभास देणारे पत्र्याचे छत. अंत्ययात्रा पायांवरून चाकांवर गेली, हा आपल्या समाजजीवनातला मोठा बदल. लग्नाच्या वरातींचे फोटो घरोघर आहेत, या बदलाचे मात्र फोटो हुडकावे लागतात.

आजाऱ्याचेही तसेच. कित्येकांच्या आजी-पणजींना बाळंतपणासाठी डागा रुग्णालयात किंवा मातृ सेवा संघात टांग्याने किंवा सायकलरिक्षाने नेले गेले. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात मातृ सेवा संघाची स्थापना केली, तेव्हा अडलेल्या बाईला वेळेत पोहोचवणे हेच अर्धे औषध होते. त्यामुळे या संग्रहात टांगाही हवा, बाज खांद्यावर घेऊन गावातून निघालेली माणसेही हवीत आणि बैलगाडीही हवी. जिच्यातून आजारी माणूस गेला, ती त्याच्यापुरती रुग्णवाहिकाच.

एका फोटोत काय काय असते

गाड्यांचा शौक नसलेला वाचक विचारेल, गाडीच्या फोटोत पाहायचे काय? पुष्कळ काही.

आधी गाडीची जात. महिंद्राने स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिच्यावर मागे खोके चढवून खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांची गाडी तयार झाली. मग बजाज टेम्पोची मॅटाडोर आली. बसके नाक, सरकता दरवाजा, आत एक स्ट्रेचर आणि दोघांना बसायला फळी. १९८४मध्ये मारुतीची व्हॅन आली, तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. गल्लीबोळात शिरणारी ही लहानगी गाडी खासगी दवाखान्यांच्या पदरी पडली. आत रुग्ण झोपला की सलाईनची बाटली हातात धरून बसायचे काम नातेवाइकाचे. २०१९मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१४च्या जानेवारीत राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिच्या ९३७ गाड्यांतून डॉक्टर रुग्णाबरोबर येऊ लागले. म्हणजे जीप, मॅटाडोर, ओम्नी आणि १०८ हे चार फोटो शेजारी ठेवले, की रुग्णाला नुसते नेण्यापासून वाटेतच उपचार करण्यापर्यंतचा प्रवास नजरेसमोर येतो.

मग पाटी. एमएच ३१ हा क्रमांक १९८९नंतरचा. त्याआधीची पाटी दिसली, की फोटोचे वय निम्मे कळले. दारावरचा दूरध्वनी क्रमांक मोजा: आकडे सात असतील तर अलीकडचा काळ, कमी असतील तर मागचा. अक्षरे कोणत्या भाषेत आहेत, तेही पाहा. १९५६पूर्वीचे आपले राज्य हिंदी-मराठी असे द्विभाषिक होते आणि शहराच्या रंगाऱ्यांनी दोन्ही भाषांत हात चालवला आहे. पत्र्यावर लाल क्रॉस आहे का? १९६०च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने ते चिन्ह परवानगीशिवाय वापरायला मनाई आहे. तरी ते वर्षानुवर्षे बिनदिक्कत रंगवले गेले. कोणत्या गाडीवर ते राहिले, कोणत्या गाडीवर पुसून दुसरे आले, हेही फोटोच सांगतील.

आणि मग मागच्या दारावरचे ते चार शब्द: अमक्यांच्या स्मरणार्थ. शहरातल्या कितीतरी गाड्या कोणाच्या तरी आठवणीखातर दिल्या गेल्या. कोणी वडिलांच्या नावे दिली, कोणी अकाली गेलेल्या मुलाच्या नावे. व्यापारी मंडळे, जैन संस्था, गुरुद्वारे, मशिदींच्या कमिट्या, लायन्स आणि रोटरी, गणेशोत्सव मंडळे अशा सगळ्यांचा यात हात आहे. शहराच्या दातृत्वाचा हा हिशेब एरवी कुठल्या वहीत सलग लिहिलेला नसतो. गाडी भंगारात गेली, की तो पत्र्याबरोबर वितळतो.

कडेला उभा असलेला माणूस

अशा गाड्यांचे बहुतेक फोटो लोकार्पणाच्या दिवशीचे असतात. मधोमध पाहुणे, हातात कात्री, फीत, हार, नारळ. चालक एका कडेला, कधी अर्धा चौकटीबाहेर. मदतनीस तर दिसतही नाही. ती गाडी पुढे पंधरा-वीस वर्षे रात्री-बेरात्री ज्याने हाकली, त्याचे नाव फोटोमागे लिहिलेले नसते.

हा संग्रह उभा राहायचा असेल, तर तो या माणसापासून सुरू व्हावा. मृतदेह उचलण्याचे काम आपल्या समाजाने फार काळ काही ठरावीक लोकांवर टाकले आणि वर त्यांनाच दूर ठेवले. साथीच्या काळात मात्र सारे त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून बसले. १९१८च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होते. कोविडच्या लाटांत शहरातल्या गाड्या अपुऱ्या पडल्या आणि शहर बसगाड्यासुद्धा रुग्णवाहिकेच्या कामाला लावाव्या लागल्या. दोन्ही वेळा कोणी तरी हातांनी माणसे उचलली. पहिल्या वेळच्या माणसांची नावे आपण गमावली. दुसऱ्या वेळची माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना भेटा, त्यांच्या गाडीशेजारी उभे असलेले त्यांचे फोटो मागा आणि नाव, पूर्ण नाव, लिहून घ्या.

शहराच्या दुःखाच्या दिवसांचेही तेच. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त झाले, २०४ माणसे गेली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी जखमींना आणि मृतांना कोणी, कशातून, कुठे नेले? पोलिसांच्या गाड्या, खासगी मॅटाडोर, ट्रक, रिक्षा? चौकशीच्या कागदांत आकडे असतात. माणसे धावली कशी, हे छायाचित्रकाराच्या रिळात सापडते, बहुधा छापून न आलेल्या फोटोंत.

"असले फोटो घरात कशाला?"

ही अडचण खरी आहे. स्वर्गरथाचा फोटो अल्बमात कोणी लावत नाही. घरात वडील माणसे असली तर त्याचे नावही काढू देत नाहीत. जुन्या गाड्यांच्या रॅलीत चकचकीत मोटारींना टाळ्या मिळतात. रुग्णवाहिका कोणी आणली, तर लोक दोन पावले मागे सरतील.

पण आपलाच अनुभव याच्या उलटही साक्ष देतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा ट्रकवरून निघाली. त्या दिवसाची छायाचित्रे इंदोऱ्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत किती घरांत श्रद्धेने जपली आहेत, ते नागपूरकरांना सांगायला नको. प्रयागराजच्या संग्रहालयात एक फोर्ड ट्रक जतन केलेला आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी त्यातून संगमावर नेल्या होत्या. लोक तो पाहायला येतात, कोणाला तो अशुभ वाटत नाही. थोरांची अखेरची गाडी जर इतिहास असेल, तर हातमाग चालवणाऱ्या कोष्ट्याची, एम्प्रेस मिलमधल्या कामगाराची, संत्र्याच्या बागेतल्या मजुराची का नाही?

गांधीजींचाच आणखी एक फोटो आठवा. १८९९मध्ये बोअर युद्धाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी सुमारे अकराशे भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभे केले, त्याचा समूहफोटो पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी पाहिला आहे. पथकातले बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ते मैलोन्‌मैल चालले. तो फोटो निघाला नसता, तर हे पथक लढाईच्या इतिहासात एका ओळीपुरते उरले असते.

बाहेरच्या देशांत हे काम हौशी माणसांनीच सुरू केले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच गावी एकच लांबलचक गाडी दोन्ही कामे करी, सकाळी रुग्ण आणि दुपारी शवपेटी. कारण रुग्णवाहिका चालवणारे तिथले अंत्यविधीचे व्यावसायिकच होते. १९६६च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा त्यांच्याच हाती होती. अशा गाड्यांच्या चाहत्यांनी १९७६मध्ये संस्था काढली. आज त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला तिच्याकडे वळावे लागते. पिट्सबर्ग शहरात १९६७मध्ये कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना शिकवून फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. आधुनिक तातडीच्या सेवेचा पाया घालणाऱ्यांत तिचे नाव घेतात. १९७५मध्ये ती बंद झाली आणि अनेक वर्षे विस्मरणात गेली. जुने फोटो आणि जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणी यांतून ती पुन्हा लोकांसमोर आली.

कुठे शोधायचे

नागपुरात अशा फोटोंची ठिकाणे उघड आहेत. वृत्तपत्रांची दप्तरे: हितवाद १९११पासूनचा, तरुण भारत, लोकमत, नवभारत यांच्या निगेटिव्ह. मेयो, मेडिकल, डागा, मुरे मेमोरियल, मातृ सेवा संघ यांच्या स्मरणिका. कोळसा खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीजची मॉईल, दोन्हींची मुख्यालये इथेच; खाण तिथे रुग्णवाहिका आणि कंपनी तिथे अल्बम. कामठीची छावणी. सीताबर्डी आणि महालातले जुने फोटो स्टुडिओ. चेसिसवर बॉडी बांधून देणाऱ्या गॅरेजवाल्यांकडे तर गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेले तयार गाडीचे फोटो हमखास असतात आणि तेच सर्वांत उपयोगाचे, कारण त्यांत गाडी चारही बाजूंनी दिसते. निवृत्त चालकांच्या घरी निरोपसमारंभाचे फोटो असतील.

आणि आपल्या हातातला मोबाइल. २०२०-२१मधले फोटो सर्वाधिक धोक्यात आहेत. फोन बदलला की ते गेले. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच निम्मा मेलेला असतो, म्हणून मूळ फाइल मागा आणि ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा.

कसे जपायचे

नागपूरचा मे महिना फोटोंचा वैरी आहे. पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि लगेच पाठीमागून पावसाळी दमट हवा येते. पत्र्याच्या पेटीतले, माळ्यावरचे फोटो आधी खाली उतरवा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे; तिला बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचे स्कॅन सगळ्यांत आधी करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका. कागदी फोटो निदान ६०० डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. मूळ फोटो घरच्यांनाच परत द्या. त्यांना तो गमावण्याची भीती वाटली, तर दुसरा फोटो ते दाखवणार नाहीत.

प्रत्येक फोटोबरोबर एवढे टिपून ठेवा: ठिकाण, अंदाजे साल, गाडीची कंपनी आणि क्रमांक, मालक संस्था, देणगीदार, चालक-मदतनीस, फोटो कोणी काढला, आपल्याला कोणी दिला.

एक मर्यादा मात्र कडक पाळायची. रुग्णाचा किंवा मृताचा चेहरा दिसत असेल, तर घरच्यांच्या संमतीशिवाय तो फोटो कुठेही दाखवायचा नाही. संग्रहात तो बंद पाकिटात राहू शकतो. कोणाच्या दुःखाचा तमाशा करून इतिहास मिळत नसतो.

आता कोणी काय करायचे

या शहराला जपण्याची सवय आहे. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३चा. छोट्या रेल्वेची इंजिने २००२पासून मोतीबागेच्या संग्रहालयात मानाने उभी आहेत. बाबासाहेबांचे कोट, टोप्या, टंकलेखनयंत्र चिचोलीच्या शांतिवनात सांभाळले गेले ते वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. सरकारी पुराभिलेखागाराची शाखाही इथे आहे. जागा आहे, परंपरा आहे. कमी आहे ती मागणीची.

म्हणून महापालिकेकडे पहिली मागणी: कोणतीही रुग्णवाहिका किंवा शववाहिका निर्लेखित करण्याआधी तिचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि आतून फोटो काढावेत आणि ते तिच्या लॉगबुकासह जपावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही, लिलावाच्या फाइलीत एक अट वाढवावी लागते. २ मार्च १९५१ला जन्मलेल्या महापालिकेला २०२६मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात. अमृतमहोत्सवाच्या खर्चात हा संग्रह सहज बसतो. १०८च्या २०१४मधल्या गाड्याही २०२९मध्ये पंधरा वर्षांच्या होतील. त्यांचे फोटो आज काढणे सोपे आहे, तेव्हा नसेल.

दुसरी मागणी रुग्णालयांकडे आणि संस्थांकडे: स्मरणिकेसाठी जमवलेले फोटो छपाईनंतर मुद्रकाकडे पडून राहतात, ते परत आणा. तिसरी वृत्तपत्रांकडे: निगेटिव्हची कपाटे हलवण्याआधी पुराभिलेखागाराला बोलवा. चौथी महाविद्यालयांकडे: इतिहास आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका प्रभागातले चालक आणि गॅरेजवाले वाटून द्या. सत्तरी ओलांडलेल्या चालकापासून सुरुवात करा.

शेवटची विनंती घराघरांना. दिवाळीच्या साफसफाईत जुने अल्बम रद्दीत निघतात. यंदा निघाले, तर ते बाहेर देण्याआधी एकदा चाळा. गाडी दिसली, की थांबा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, ही कोणाची, कधीची, चालवत कोण होते. उत्तर मिळेल तसे पेन्सिलीने मागे लिहा आणि त्याच दिवशी स्कॅन करून घ्या. शहराचा संग्रह उभा राहीपर्यंत ती नक्कल तुमच्याजवळ सुरक्षित ठेवा आणि शेजाऱ्याला विचारा, तुमच्याकडे आहे का असा एखादा फोटो?